येतो का आवाज?

माणूस नोकरीतून मोकळा झाला की जो तो त्याला सांगतो, आता मस्त आराम करा. हे सांगणारे सगळे अजून नोकरीत असतात, ही त्यातली गोम. फिटरकाकांनी आराम करून पाहिला. सुरुवातीचे काही महिने बरे गेले. मग गुडघे कुरकुरायला लागले, पाठोपाठ साखर वाढली, छातीत कळ येऊन हृदयाच्या नळीत जाळी बसवावी लागली, आणि या सगळ्या धावपळीत धडधाकट असलेल्या काकूच आधी गेल्या. तेव्हापासून घर खायला उठायचं. सकाळच्या गोळ्या घेतल्या की दुपारच्या गोळ्यांपर्यंत करायचं काय, हा प्रश्न रोज नव्यानं पुढ्यात येऊन बसायचा. टीव्ही बघवत नसे, पेपरातली अक्षरं नाचत. खिडकीत खुर्ची टाकून रस्ता बघावा, तर रस्त्यावरचा प्रत्येक जण कुठेतरी निघालेला. काकांना त्यांचा उगाचच राग यायचा.

शाबूत होते ते फक्त कान. आणि कान म्हणजे काकांचा जीव की प्राण.

त्यांची उभी हयात कागदाच्या कारखान्यात गेली होती. तिथं एखादं यंत्र बिनसलं की आधी काकांना हाक जायची. हत्यार म्हणाल तर एकच, हातभर लांब स्क्रूड्रायव्हर. त्याचं टोक चालत्या यंत्राच्या अंगावर टेकवायचं, लाकडी मूठ कानात दाबायची आणि डोळे मिटायचे. पोटातला आवाज लोखंडातून थेट कानात येतो. कुठलं बेअरिंग कोरडं पडलंय, कुठला दाता झिजलाय, हे काका यंत्र उघडण्याआधी सांगत आणि उघडल्यावर तेच निघे. निवृत्त होताना कारखान्यानं भिंतीवरचं घड्याळ दिलं. काकांनी मागून घेतला तो स्क्रूड्रायव्हर. घड्याळ केव्हाच बंद पडलं होतं. स्क्रूड्रायव्हर उशाशी असायचा.

“गुडघे गेले, डोळे गेले, हृदयाला ठिगळ लागलं,” काका भेटेल त्याला सांगत, “पण कान? कान अजून पंचविशीतला आहे.”

तर अशा या पंचविशीतल्या कानाला एका दुपारी एक आवाज आला. बारीक शिट्टीसारखा, न थांबणारा. काका आडवे झाले होते ते उठून बसले. त्यांनी मान इकडून तिकडे वळवली, श्वास धरला. कुठलं तरी बेअरिंग कोरडं पडलं होतं, यात शंकाच नव्हती. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच त्यांना पायांत चपला सरकवायची घाई झाली.

आधी घरातलाच फ्रिज संशयावरून धरला. स्क्रूड्रायव्हर टेकवला, मूठ कानात दाबली, तर शिट्टी वाढली. काकांनी फ्रिजचं बटण बंद केलं. शिट्टी तशीच. मग पंखा बंद केला, मग सरळ घराचा मेन स्विच पाडला. आता घरात काहीच चालू नव्हतं आणि शिट्टी मात्र सुखेनैव चालू होती. बंद करून ऐकायचं, हा काकांचा स्वतःचा नियम होता. यंत्र बंद केल्यावरही आवाज राहिला, तर तो त्या यंत्राचा नाही. म्हणजे आवाज घराबाहेरचा होता. काकांनी शर्ट चढवला, भांग पाडला आणि हत्यार काखेत घेऊन जिन्यात पाऊल टाकलं.

पुढचे काही दिवस बिल्डिंगनं त्यांना असंच पाहिलं. दुसऱ्या मजल्यावरचं जोडपं कामावरून दमून येऊन दार उघडायचं, तर समोर काका. “तुमच्या वॉशिंग मशीनची तब्येत बघतो जरा.” त्या दोघांच्या कानात सतत काही ना काही खुपसलेलं असायचं. ते काढून दोघांनी मनापासून ऐकलं आणि म्हणाले, “आम्हाला नाही येत हो काका.” तळमजल्यावरच्या सेक्रेटरीनंही कान टवकारल्यासारखं केलं आणि मान हलवली. मुलानं लांबच्या शहरातून फोनवर ऐकून घेतलं आणि म्हणाला, “बाबा, दुर्लक्ष करा. तुम्ही गोळ्या वेळेवर घेताय ना?”

प्रत्येक ‘नाही येत’ काकांना सुईसारखं टोचायचं. आवाज आहे आणि बाकीच्यांचे कान मठ्ठ आहेत, असं असेल तर ठीक. पण आवाज नसेलच तर? मग एवढा एक अवयव उरला होता, तोही हातचा गेला. हा विचार मनात आला की काका तो झटकून टाकत आणि पुढच्या दारावरची बेल दाबत.

तिसऱ्या मजल्यावर ऑपरेटरबाई एकट्या राहत. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आयुष्य काढून त्याही काकांसारख्याच घरी बसल्या होत्या. जिन्यात दिसल्या तर मान हलवायची, एवढीच ओळख. त्यांनी दार उघडलं आणि सवयीनं म्हणाल्या, “बोला.”

काकांनी सगळी कथा सांगितली. एव्हाना ती पाठ झाली होती. बाईंनी मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. सांगून झाल्यावर काकांनी विचारलं, “नीट ऐकून सांगा. येतो का आवाज?”

बाईंनी डोळे मिटले. बराच वेळ त्या तशाच उभ्या राहिल्या. मग डोळे उघडून म्हणाल्या, “येतो की. बारीक शिट्टीसारखा.”

काकांचा जीव भांड्यात पडला. त्यांना त्या बाईंच्या पाया पडावंसं वाटलं, पण गुडघ्यांनी परवानगी दिली नसती. “सतत येतो?” त्यांनी विचारलं.

“सतत. आत या, उभे का? चहा टाकते. बिनसाखरेचा ना?”

त्या दिवसापासून दुपारच्या गोळ्या घेतल्या की काका तिसरा मजला चढत. लिफ्ट होती, पण लिफ्टचा आवाज तपासात अडथळा आणतो, असं त्यांचं म्हणणं. प्रत्येक जिन्यावर थांबून धाप जिरवायची, रुमालानं कपाळ टिपायचं आणि मगच वर जायचं. दमलेला चेहरा बाईंना दिसता कामा नये. रोज दाढी होऊ लागली. बाईंच्या फ्रिजची, मिक्सरची, टेबलफॅनची तपासणी झाली. सगळे निर्दोष सुटले. मग काका खुर्चीवर टेकत आणि कुठल्या यंत्रानं कधी कसा दगा दिला ते सांगत. बाई ऐकत. ऐकण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, कुठं ‘हं’ म्हणायचं आणि कुठं गप्प राहायचं हे त्यांना नेमकं ठाऊक. त्यांनीही सांगितलं, कशा त्या ओळीनं बसत, कसे लोक नंबर सांगायच्या आधीच रडायला लागत. हत्यार रोज वर-खाली न्यायला नको म्हणून काकांनी ते बाईंच्या फ्रिजवरच ठेवून दिलं.

निघताना ते विचारत, “आज येतो ना?”

“येतो,” बाई म्हणत. “उद्या परत बघून जा.”

आता इथंच सगळं थांबलं असतं तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण काका हाडाचे फिटर. दोष आहे म्हणजे तो सापडला पाहिजे, आणि सापडला म्हणजे काढला पाहिजे. शिवाय आता त्यांच्याकडे साक्षीदार होता. घरांतली सगळी यंत्रं तपासून झाली तेव्हा उरला तो खालचा पाण्याचा पंप. त्याच्या खोलीची किल्ली सेक्रेटरीकडे. काका हात धुवून त्याच्या मागे लागले. सेक्रेटरीनं चार दिवस टोलवलं, पाचव्या दिवशी वैतागून किल्ली हातावर टेकवली. “घ्या, ऐका एकदाचं. पण कशाला हात लावू नका.”

पंप सुरू होता. काकांनी बाईंच्या फ्रिजवरून आणलेल्या हत्याराचं टोक टेकवलं, मूठ कानात दाबली, आणि शिट्टी अशी काही वाढली की त्यांच्या अंगावर काटा आला. सापडला चोर! खरं तर मूठ कानात दाबली की फ्रिजलाही ती अशीच वाढली होती, पण एवढी पायपीट झाल्यावर हे कुणाला आठवतंय? त्यांनी पंप बंद केला. खोलीत शांतता झाली.

आणि शिट्टी तशीच राहिली.

हा त्यांचाच नियम होता. बंद केल्यावरही राहिला, तर आवाज याचा नाही. त्यांना ते कळलं, पण मान्य करवेना. कारण आता तपासायला काहीच उरलं नव्हतं. यानंतर कुठं शोधायचं, या प्रश्नाचं उत्तर त्यांना ऐकायचं नव्हतं. आतलं चाक अजून फिरत असेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं आणि घाईघाईनं बेअरिंगवरचं झाकण खोलायला घेतलं. एकेकाळी डोळे बांधून केलं असतं असं हे काम. पण आता बोटं थरथरत होती. बेअरिंग जागेवर धरून ठेवणारी छोटी कडी निसटली, फरशीवर टणकन आपटली आणि गटारीच्या जाळीतून खाली गेली. बेअरिंग हातात आलं. काकांनी ते बोटावर फिरवून पाहिलं. लोण्यासारखं फिरत होतं.

संध्याकाळी टाकी रिकामी झाली आणि बिल्डिंग खाली जमली. कुणाच्या अंगावर साबण होता, कुणाचं तान्हं बाळ रडत होतं. सेक्रेटरीच्या अंगाचा तिळपापड झाला होता. “कधीपासून सांगतोय, असला कुठला आवाजच नाही! तुमचे कान वाजतात काका, आणि पाण्याविना आम्ही बसायचं!”

“ऑपरेटरबाईंना विचारा,” काका म्हणाले. “त्यांनाही येतो.”

सगळ्यांनी वळून पाहिलं. बाई जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभ्या होत्या. त्यांनी काकांकडे पाहिलं नाही. फरशीकडे बघत, एकेक शब्द तोडून त्या म्हणाल्या, “येतो. मला येतो आवाज.”

दोन म्हाताऱ्यांशी भांडायचं किती, असा चेहरा करून जो तो बादल्या घेऊन शेजारच्या बिल्डिंगकडे निघाला.

सेक्रेटरीनं काकांच्या मुलाला फोन केला आणि मुलगा रजा काढून आला. रागावला नाही. रागावला असता तर काकांना बरं वाटलं असतं. त्यानं घरातल्या गोळ्यांच्या तारखा तपासल्या, पंपाचं काय ते मिटवलं आणि काकांना कानाच्या डॉक्टरकडे नेलं.

तिथं एक लहानशी खोली होती. भिंतींना जाड गादीसारखं अस्तर, दार चांगलं वीतभर जाड. आत खुर्चीवर बसवून त्यांच्या कानांवर हेडफोन चढवले. काचेपलीकडून तपासणारी मुलगी म्हणाली, “आवाज आला की हे बटण दाबायचं काका. गेला की सोडायचं.”

दार लागलं. एवढी शांतता काकांनी जन्मात ऐकली नव्हती. आणि त्या शांततेत शिट्टी आली, स्वच्छ, मोठी. काकांनी बटण दाबलं. शिट्टी थांबेना, म्हणून त्यांनीही बोट उचललं नाही. दाबूनच बसले, शहाण्या विद्यार्थ्यासारखे.

दार उघडून मुलगी आत आली. “काका,” ती हळूच म्हणाली, “मी अजून सुरूच केलं नाही.”

काकांनी बटणावरचं बोट काढलं. पुढं डॉक्टरनं आलेख दाखवला, समजावून सांगितलं, वर्षानुवर्षं यंत्रांच्या गोंगाटात राहिल्यावर कानाची आतली नस झिजते आणि मग असा नसलेला आवाज ऐकू येतो. बारीक सूर तर तुम्हाला कधीपासूनच ऐकू येत नसणार. औषध तसं नाही, सवय होईल. पण काकांना जे कळायचं ते त्या खोलीतच कळलं होतं. पंचविशीतला कान! ज्याच्या जिवावर जगाला मठ्ठ ठरवलं तोच सगळ्यात आधी गेला होता, आणि जाताना साधं सांगूनही गेला नव्हता.

परतताना मुलगा गाडी चालवता चालवता म्हणाला, “आमच्याकडे चला बाबा.” तो मनापासून म्हणाला, पण नजर घड्याळाकडे गेली.

“बघू,” काका म्हणाले. त्यांच्या डोक्यात भलतंच सुरू झालं होतं. आवाज माझ्या कानातला. मग बाईंना काय ऐकू येत होतं?

उत्तर उघड होतं. म्हातारा येतो, बडबडतो, म्हणावं झालं ‘येतो’. लहान मुलाच्या हातात खुळखुळा द्यावा तसा त्यांनी तो शब्द हातात दिला होता. आणि आपण दाढी करून जात होतो! काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मुलगा गेला. काका वर गेले नाहीत. दुपारच्या गोळ्या घ्यायच्या आणि भिंतीकडे तोंड करून पडायचं. दाढी वाढली. आता शोधायलाही काही नव्हतं. आधी तो आवाज कुणाचा तरी होता, कुठून तरी येत होता, त्याच्यामागं जाता येत होतं. आता तो नुसता होता. घरात दुसरं कुणी नाही, हे तो दिवसभर सांगत राहायचा. काकू असत्या तर म्हणाल्या असत्या, वाजू दे, तेवढीच सोबत. असं काहीतरी बोलून त्या कपडे घड्या करायला लागल्या असत्या. काकांना खूप दिवसांनी रडू आलं आणि त्यांनी ते येऊ दिलं.

एका दुपारी फोन वाजला. “बोला,” पलीकडून बाई म्हणाल्या, आणि मग स्वतःच गोंधळून, “म्हणजे, मीच बोलतेय. पंपाच्या खोलीत तुमचं हत्यार राहिलं होतं, ते इथं पडलंय.”

“फेकून द्या.”

“फेकायला मला नाही जमायचं. तुम्ही येऊन फेका.”

काका तणतणत वर गेले. दाढी न करता, आणि लिफ्टनं. दार उघडंच होतं. ते आत शिरले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, “माझी थट्टा केलीत तुम्ही. ‘येतो’ म्हणालात. चारचौघांत म्हणालात. आवाज माझ्या कानात होता, डॉक्टरनं सांगितलं. तुम्हाला तो येणंच शक्य नाही.”

“तुमचा नाही येत,” बाई म्हणाल्या. “मला माझा येतो.”

“म्हणजे?” काकांनी विचारलं.

“डाव्या कानात. एक्स्चेंजमध्ये दिवसभर त्याच कानाला हेडफोन असायचा. आमच्यातल्या कितीतरी जणींना लागली ही शिट्टी. मला नोकरीत असतानाच लागली. तुम्ही दारात उभे राहून सांगायला लागलात ना, तेव्हाच ओळखलं मी.”

“मग तेव्हाच सांगायचं!”

“सांगितलं असतं,” बाई म्हणाल्या. त्या टेबलावरच्या कापडाची न पडलेली घडी हातानं नीट करत होत्या. “मग दुसऱ्या दिवशी तुम्ही कशाला आला असतात?”

काकांचा हात नकळत वाढलेल्या दाढीवरून फिरला.

“पंपाला हात घालाल असं वाटलं नव्हतं हो. ते मात्र माझ्यामुळं झालं. तेवढ्याबद्दल हवं ते बोला मला.”

काका खुर्चीवर बसले. फ्रिजवर स्क्रूड्रायव्हर होता, पुसून, सरळ ठेवलेला. खाली रस्त्यावरून गाड्या जात होत्या. दोघंही आपापला आवाज ऐकत बसले.

“कसा आहे तुमचा?” शेवटी काकांनी विचारलं.

बाईंनी ओठ मिटून सूर काढला. काकांनी मान तिरकी करून ऐकला, फिटरच्या सवयीनं. “माझा याहून वर आहे,” ते म्हणाले आणि त्यांनी आपला काढून पाहिला. खोकला आला. बाईंनी पाणी दिलं. पुन्हा काढला. दोन्ही कुठंच जुळत नव्हते.

“कुणाला सांगितलंत कधी?” काकांनी विचारलं.

“कुणाला सांगणार? इतकी वर्षं एकटीच ऐकतेय.” मग उठून बाईंनी फ्रिजवरचा स्क्रूड्रायव्हर उचलला आणि काकांपुढं धरला. “हे माणसाला चालतं का हो?”

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या थट्टा करत नव्हत्या. काका गुडघ्यावर हात टेकून उठले. त्यांनी रुमाल काढला, त्याची घडी स्क्रूड्रायव्हरच्या टोकाला गुंडाळली आणि ते टोक बाईंच्या डाव्या कानामागच्या हाडावर अगदी अलगद टेकवलं. मूठ कानात दाबली आणि डोळे मिटले.

लोखंडातून काहीच आलं नाही. त्यांची स्वतःचीच शिट्टी तेवढी मोठी झाली, नेहमीसारखी. तरी काका बराच वेळ ऐकत राहिले. बाईंनी श्वास धरला होता.

“येतो का आवाज?” त्यांनी विचारलं.

“येतो की,” काका म्हणाले. “उद्या परत बघतो.”